लीगचं स्वतःचं चॅनल, आणि मॅच मात्र दुसरीकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते आणि इथलं बेसबॉल, फुटबॉल दोन्ही मनापासून बघते, त्यामुळे सीझन सुरू झाला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की अगं ते लीगचं चॅनल घेतलं पण त्यावर मॅचच लागत नाही, आमचं काही चुकलं का. तुमचं काही चुकलेलं नाही. नेहमीचे प्रश्न आणि मला माहीत असलेली उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

लीगचं चॅनल म्हणजे नक्की काय?

अमेरिकेतल्या चारही मोठ्या लीगनी (एनबीए बास्केटबॉलची, एनएफएल अमेरिकन फुटबॉलची, एनएचएल आइस हॉकीची, एमएलबी बेसबॉलची) स्वतःची टीव्ही चॅनल काढली. एनबीएने सगळ्यात आधी, १९९९ मध्ये. मग नोव्हेंबर २००३ मध्ये एनएफएल नेटवर्क आलं, २००७ मध्ये अमेरिकेत एनएचएल नेटवर्क, आणि १ जानेवारी २००९ ला एमएलबी नेटवर्क, ज्याचा स्टुडिओ इथे आमच्याकडे सिकॉकसला आहे. कॉलेजांच्या लीगनीही काढली, बिग टेन या कॉलेज लीगचं बिग टेन नेटवर्क आहे (त्यात फॉक्सची भागीदारी), पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉलेज लीगचं होतं ते २०२४ मध्ये बंद पडलं. थोडक्यात खेळ ज्यांचा, चॅनलही त्यांचंच. ऑगस्ट २०२५ मध्ये एनएफएलने आपलं चॅनल ईएसपीएनला द्यायचा आणि बदल्यात ईएसपीएनचा १० टक्के हिस्सा घ्यायचा करार जाहीर केला, त्यामुळे कोण कुणाचा मालक हे आता आणखीनच गुंतागुंतीचं होत चाललंय, पण बघणाऱ्यांची तक्रार तीच आहे.

मग महत्त्वाच्या मॅच तिथेच का दाखवत नाहीत?

पैशासाठी. १९६१ साली इथे कायदा झाला आणि सगळ्या टीमचे टीव्ही हक्क एकत्र करून विकायची मुभा लीगला मिळाली, तेव्हापासून खरी कमाई हक्क विकण्यातच आहे. एनएफएलचे २०२३ पासूनचे अकरा वर्षांचे करार मिळून साधारण ११० अब्ज डॉलरचे आहेत, एनबीएचे २०२५-२६ पासूनचे अकरा वर्षांचे ७६ अब्जांच्या घरात. बाहेरचा माणूस एवढे मोजायला तयार असताना चांगली मॅच घरच्या चॅनलवर कोण ठेवेल?

थर्सडे नाइट फुटबॉलचंच बघा, म्हणजे एनएफएलच्या गुरुवारी रात्रीच्या मॅच. २००६ मध्ये एनएफएल नेटवर्क घरोघरी पोचावं म्हणून लीगने सीझनच्या उत्तरार्धातल्या आठ मॅच त्याच्यासाठी काढून ठेवल्या. लोकांनी त्या मॅचसाठी केबलवाल्याकडे तगादा लावला, चॅनल मागून घेतलं, जास्तीचे पैसे भरले. मग २०१४ पासून मॅच आधी सीबीएसबरोबर वाटून, नंतर एनबीसी आणि फॉक्सबरोबर (ही तिन्ही साध्या अँटेनावर लागणारी चॅनल), आणि २०२२ मध्ये सगळंच उचलून ॲमेझॉन प्राइमला दिलं. ज्या मॅचसाठी चॅनल घेतलं ती मॅच गेली आणि चॅनल बिलात राहिलं, हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

आमच्या पॅकेजमध्ये हे चॅनल का नाही?

चॅनलला दर घरामागे दरमहा पैसे मिळतात. चॅनल साध्या पॅकेजमध्ये गेलं तर बघो न बघो सगळ्यांकडून पैसे, वेगळ्या स्पोर्ट्स पॅकमध्ये गेलं तर फक्त घेणाऱ्यांकडून. लीगला पहिलं हवं असतं, केबल कंपनीला दुसरं, आणि दोघांची ओढाताण चालू असते तोवर आपला टीव्ही काळा.

याची दोन उदाहरणं इथल्या फॅन लोकांच्या डोक्यात पक्की बसलीत आणि दोन्ही एकाच वर्षातली. १ सप्टेंबर २००७, बिग टेन नेटवर्क सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झालेले. त्यावर देशात पाचव्या नंबरवर असलेल्या मिशिगन विद्यापीठाच्या टीमची मॅच खालच्या गटातल्या ॲपलॅशियन स्टेटशी, म्हणजे कुणाला वाटलं असतं की बघायलाच हवी? आणि ॲपलॅशियन स्टेट ३४-३२ ने जिंकली, मिशिगनची शेवटची किक अडवून. कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा धक्का समजतात तो, आणि मिशिगनच्याच कितीतरी घरांत तो दिसला नाही कारण कॉमकास्ट या केबल कंपनीशी करारच झाला नव्हता. तो झाला पुढच्या वर्षी, जूनमध्ये.

दुसरं २९ डिसेंबर २००७ चं. न्यू इंग्लंड पेट्रियट्स १५ पैकी १५ जिंकलेले, सोळावी न्यूयॉर्क जायंट्सशी, आणि ती फक्त एनएफएल नेटवर्कवर, जे तेव्हा देशातल्या निम्म्याहून कमी घरांत लागत होतं. केवढा आरडाओरडा झाला. जॉन केरीसारख्या सिनेटरने त्यात लक्ष घातलं, आणि मॅचच्या तीन दिवस आधी लीगने सीबीएस आणि एनबीसी दोघांनाही ती दाखवायला दिली. पेट्रियट्स ३८-३५ ने जिंकले, सगळ्या देशाने बघितलं. टाइम वॉर्नर केबलवाल्यांना मात्र हे चॅनल नियमित मिळायला २०१२ चा सप्टेंबर उजाडला.

पॅक-१२ वाल्यांनी तर शंभर टक्के मालकी स्वतःकडे ठेवली होती, कुणी भागीदारच नाही, आणि डायरेक्टटीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. बारा वर्षं तिथल्या मुलांचे खेळ त्यांच्याच गावातल्या कितीतरी लोकांना घरी दिसले नाहीत.

दिवसभर तोच तो कार्यक्रम परत परत का लागतो?

स्टुडिओत चार माणसं टेबलाभोवती बसवून बोलायला लावणं स्वस्त पडतं आणि ते चारदा दाखवलं तर आणखी स्वस्त. शिवाय इथे पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यात तीन तासांचा फरक, त्यामुळे सकाळचा शो तिकडच्या लोकांसाठी परत लावायचा असतो, तेवढं मी समजू शकते. पण एका हिवाळ्यात माझा मुलगा तापाने घरी होता आणि आम्ही दोघं एका लीगचं चॅनल लावून बसलो होतो, तर दुपारपर्यंत तोच तासाभराचा शो तीनदा झाला, तिसऱ्यांदा लेकरू पांघरुणातून निवेदकाच्या आधी वाक्य म्हणत होतं. त्याला हसू येत होतं, मला राग. कारण त्याच लीगच्या गोदामात साठ-सत्तर वर्षांचं फुटेज पडून आहे.

जुन्या मॅच अख्ख्या का दाखवत नाहीत?

हा माझा सगळ्यात जवळचा प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, की कितीतरी जुन्या मॅच शिल्लकच नाहीत. तेव्हा व्हिडिओ टेप महाग असायची आणि चॅनलवाले एकदा दाखवून झालं की तीच पुसून परत वापरायचे. १५ जानेवारी १९६७ ची पहिली सुपर बोल (म्हणजे फुटबॉलची फायनल), ग्रीन बे पॅकर्सने कॅन्सस सिटीला ३५-१० हरवलं ती, सीबीएस आणि एनबीसी अशा दोन-दोन चॅनलनी दाखवली होती आणि दोघांकडेही टेप उरली नाही. पण एनएफएल फिल्म्सचे कॅमेरे तिथे होते. ही कंपनी एड सेबल यांनी उभी केली, पुढे लीगने ती घेतली, तिचं ऑफिस आमच्याच राज्यात माउंट लॉरेलला आहे. त्यांनी त्या फुटेजमधून मॅचचा एकेक प्ले शोधून, जोडून, रेडिओची कॉमेंट्री लावून अख्खी मॅच परत उभी केली. किती कष्टाचं आणि प्रेमाचं काम! आणि जानेवारी २०१६ मध्ये एनएफएल नेटवर्कने ती दाखवली तेव्हा मॅचवर सतत स्टुडिओतल्या मंडळींची बडबड. पन्नास वर्षांनी दिसणारी मॅच, आणि तिच्या अंगावर गप्पा. लोक भयंकर चिडले. मग चॅनलने काही दिवसांतच ती बडबड काढून, फक्त रेडिओच्या आवाजासकट परत दाखवली.

याच्या उलट एमएलबी नेटवर्कचा पहिला दिवस. १ जानेवारी २००९ च्या संध्याकाळी त्यांनी १९५६ च्या वर्ल्ड सिरीजची (म्हणजे बेसबॉलच्या फायनलची) पाचवी मॅच लावली, यँकीजच्या डॉन लार्सनची परफेक्ट गेम, म्हणजे सत्तावीस बॅटर आले आणि सत्तावीस गेले, एकही बेसवर पोचला नाही. मूळ प्रसारण, तेव्हाच्या आवाजासकट, आणि स्टुडिओत स्वतः लार्सन आणि त्यांचे कॅचर योगी बेरा, बॉब कॉस्टास त्यांच्याशी बोलतायत. असं चॅनल काढलंत तर कोण तक्रार करेल? माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या संध्याकाळी जे जमलं ते आठवड्यातून एकदा तरी जमायला पाहिजे. बाहेरच्या चॅनलला हे करायचं तर हक्क विकत घ्यावे लागतील, लीगकडे फुटेजही आहे आणि हक्कही.

हायलाइट्स असतात की, अख्खी मॅच कशाला?

२०१२ च्या उन्हाळ्यात बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. आयुष्यभर क्रिकेट बघितलेला माणूस, रेडिओला कान लावून कसोटी ऐकणारा. जेट लॅगमुळे रात्री लवकर झोपायचे आणि सकाळी चहा घेऊन हायलाइट्सचा शो लावायचे, बेसबॉल ते तिथेच शिकले, हे श्रेय मी त्या शोला देते. १ जूनच्या रात्री न्यूयॉर्क मेट्सच्या योहान सांतानाने नो-हिटर टाकली, म्हणजे समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट मिळू दिली नाही, सेंट लुईसविरुद्ध, ८-० ने जिंकले. मेट्स १९६२ पासून खेळतायत आणि आठ हजारांवर मॅचमध्ये त्यांच्या एकाही पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, हे जमलं नव्हतं.

सकाळी बाबांनी शो लावला. सातव्या इनिंगमध्ये माइक बॅक्सटर भिंतीवर जाऊन आदळतो आणि चेंडू सोडत नाही, तो कॅच. मग एकदम शेवटचा स्ट्राइकआउट, म्हणजे शेवटचा बॅटर डेव्हिड फ्रीस बाद, आणि सगळे पळत येऊन सांतानाच्या अंगावर. झालं, दोन मिनिटांत संपलं. बाबा म्हणाले, "अगं, मधल्या बॉलचं काय झालं?"

बरोबर विचारलं त्यांनी. खांद्याचं ऑपरेशन झालेला माणूस त्या रात्री १३४ पिच, म्हणजे १३४ बॉल, टाकत होता, करिअरमध्ये कधी टाकल्या नव्हत्या इतक्या, आणि मॅनेजर टेरी कॉलिन्स डगआउटमध्ये अस्वस्थ होते की याला काढू की राहू देऊ. ती घालमेल त्या मधल्या बॉलमध्ये आहे. कसोटीत निर्धाव षटकं कापली तर काय उरतं, तसंच हे. त्या वर्षी ऑगस्टनंतर सांताना मेजर लीगमध्ये परत कधी दिसला नाही.

ब्लॅकआउट म्हणजे काय? चॅनल आहे, मॅच लागली असं दिसतंय, आणि आमच्याकडे दुसरंच काहीतरी!

एमएलबी नेटवर्क बऱ्याचदा टीमच्या स्थानिक चॅनलचंच प्रक्षेपण घेऊन देशभर दाखवतं. पण त्या भागाचे हक्क स्थानिक चॅनलने विकत घेतलेले असतात, त्यामुळे त्या भागात लीगच्या चॅनलवर ती मॅच दिसत नाही. म्हणून न्यू जर्सीत एडिसनला बसून यँकीज किंवा मेट्स लागत नाहीत आणि तुमच्या टेक्सासच्या मावसबहिणीला दिसतात. आयोवाचं तर ऐका, तिथे मेजर लीगची एकही टीम नाही, आणि शिकागोच्या दोन, सेंट लुईस, कॅन्सस सिटी, मिनेसोटा, मिलवॉकी अशा सहा टीमनी ते राज्य आपला 'लोकल' भाग म्हणून धरलेलं. त्यामुळे तिथल्या माणसाने लीगचं स्ट्रीमिंग घेतलं तरी बरीच वर्षं सहाच्या सहा टीम बंद असायच्या. मैदान कितीतरी तासांवर आणि नाव लोकल.

यात एक चांगली गोष्ट झाली तीही सांगते. स्थानिक चॅनल चालवणारी मोठी कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि मे अखेरीपासून सॅन डिएगो पॅड्रेसच्या मॅच लीगने स्वतः दाखवायला घेतल्या, महिन्याला १९.९९ डॉलरमध्ये, त्याच गावात, ब्लॅकआउटशिवाय. म्हणजे लीगने मनावर घेतलं तर होतं.

लीगच्या चॅनलवर लीगबद्दल वाकडं कुणी का बोलत नाही?

पगार कोण देतं बघा. केन रोझेन्थल हे बेसबॉलमधले अत्यंत विश्वासार्ह बातमीदार, २००९ पासून एमएलबी नेटवर्कवर होते. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचं तिथलं काम संपलं, आणि कमिशनर (लीगचे प्रमुख) रॉब मॅनफ्रेड यांच्यावर २०२० मध्ये केलेल्या टीकेशी त्याचा संबंध असल्याच्या बातम्या आल्या. एनएफएल नेटवर्कच्या जिम ट्रॉटर यांनी लागोपाठ दोन वर्षं सुपर बोलच्या पत्रकार परिषदेत कमिशनर रॉजर गुडेल यांना चॅनलच्या न्यूजरूममध्ये कृष्णवर्णीय माणसं वरच्या जागांवर का नाहीत असं तोंडावर विचारलं. २०२३ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला नाही, लीगने सूड घेतल्याचा आरोप करत त्यांनी दावा लावला, लीगने आरोप नाकारले, पुढच्या वर्षी समझोता झाला.

आणि डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ च्या ९९ दिवसांच्या लॉकआउटमध्ये, म्हणजे मालकांनी बेसबॉलचं काम बंद ठेवलं होतं तेव्हा, मालक आणि खेळाडू भांडत होते तेव्हा लीगने स्वतःच्या वेबसाइटवरून खेळाडूंचे फोटोच काढून टाकले, नुसत्या राखाडी आकृत्या ठेवल्या. ज्या लीगला भांडणात खेळाडूचा चेहराही नको होतो, तिच्या चॅनलवर त्या भांडणाची दुसरी बाजू मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मॅच तिथे बघा, लीगच्या भानगडी बाहेरच्या बातमीदारांकडून वाचा.

भारतात असं का नाही?

बीसीसीआयचं स्वतःचं टीव्ही चॅनल नाही, ते हक्क विकतात, आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे ४८,३९० कोटींना गेले. पण कॉमेंट्री बॉक्सवर बोर्डाचा हात असतोच. २०१६ च्या आयपीएलआधी हर्षा भोगलेंना काढलं, कारण जाहीरपणे सांगितलं नाही. मार्च २०२० मध्ये आपले संजय मांजरेकर बोर्डाच्या पॅनेलवरून गेले. म्हणजे चॅनल नसलं तरी जे व्हायचं ते होतंच. प्रो कबड्डीत तर उलटं, तिथे चॅनलवाल्या स्टारचीच लीग चालवणाऱ्या कंपनीत मोठी मालकी. आणि इथल्या आपल्या लोकांना विलो हे क्रिकेटचं चॅनल माहीत असेल, त्याचे संस्थापक तेच मेजर लीग क्रिकेट उभं करणाऱ्यांत आहेत.

रेडझोनवर जाहिराती आल्या का?

आल्या. रेडझोन म्हणजे एनएफएलचं रविवारच्या सगळ्या मॅचमधले महत्त्वाचे क्षण दाखवणारं चॅनल. तिथे २००९ पासून रविवारी दुपारी स्कॉट हॅन्सन सात तास सलग, जाहिरातीविना फुटबॉल असं सांगून सुरुवात करायचे, त्या एका वाक्यासाठी लोक पैसे भरायचे. २०२५ च्या सीझनमध्ये ते वाक्य बदललं. जाहिराती फार नाहीत, पण शब्द मोडला याचं वाईट वाटतं.

आवडीचे शो बंद का होतात?

खर्च कपात. एनएफएल टोटल ॲक्सेस हा चॅनलच्या जन्मापासूनचा शो मे २०२४ मध्ये बंद केला. सकाळचा गुड मॉर्निंग फुटबॉल त्याच वर्षी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला नेला.

मग घ्यायचं की नाही?

फुटबॉलसाठी विचारत असाल तर आधी छपरावर किंवा खिडकीत साधा अँटेना लावून बघा. सीबीएस, फॉक्स, एनबीसी फुकट लागतात, आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं की केबलवर किंवा स्ट्रीमिंगवर असलेली एनएफएलची मॅच त्या दोन टीमच्या गावांत साध्या चॅनलवरही दाखवावी लागते. म्हणजे तुम्ही न्यू जर्सीत जायंट्सवाले असाल तर त्यांची गुरुवारची मॅच अँटेनावर मिळते. बेसबॉलला हे लागू नाही. तिथे तुमची टीम तुम्ही राहता त्या भागातली असेल तर स्थानिक चॅनल घ्या, लांबची असेल तर लीगचं स्ट्रीमिंग, आणि लीगचं चॅनल फक्त रात्रीच्या फेरफटक्यासाठी, म्हणजे एका मैदानावरून दुसऱ्यावर उड्या मारत दाखवतात ते, ते खरंच छान करतात. घेण्याआधी फोनवर विचारून घ्या की हे चॅनल कुठल्या पॅकमध्ये आहे, आणि उत्तर लेखी मागा. मला एका कंपनीने फोनवर 'साध्या पॅकमध्येच आहे' सांगितलं आणि पहिल्या बिलात स्पोर्ट्स पॅकचे पैसे वेगळे लावले, परत मिळवायला चार फोन आणि दोन महिने गेले.

तक्रार करून काही होतं का?

होतं. पहिली सुपर बोल बडबडीविना परत लागली ती लोकांनी ओरडा केला म्हणूनच, पेट्रियट्सची मॅच सगळ्यांना दिसली तीही त्यामुळेच. पण 'तुमचं चॅनल बेकार आहे' असं लिहून काही होत नाही, कुठली मॅच, कुठल्या तारखेची, कशी हवी, ते लिहा. मी दर डिसेंबरमध्ये लिहिते. १ जून २०१२, मेट्सचं मैदान सिटी फील्ड, सांताना, सगळ्या १३४ पिच, मूळ कॉमेंट्रीसकट, मध्ये कुणाला बोलू देऊ नका. बाबा आता ब्याऐंशीचे आहेत, साताऱ्यात असतात, आणि ती मॅच लागेल तेव्हा तिकडे कितीही वाजले असले तरी फोन करून उठवायचं असं त्यांनी मला सांगून ठेवलंय.